भलत्याच माणसाची घंटा

शेवटच्या दिवशी सकाळी केझियानं भावाला सरळच विचारलं, "ऑरिन, तुला ठेवायचं कुठं रे?"

लापशीचा चमचा त्याच्या तोंडाशी धरूनच विचारलं. असं विचारायचं नसतं हे तिलाही कळत होतं. पण आणखी किती गप्प बसायचं? छातीत कफ दाटून त्याचे ओठ निळे पडलेले, डॉक्टर आदल्या दिवशी पायरीवरूनच मान हलवून परत गेलेला, आणि अजून काहीसुद्धा ठरलेलं नव्हतं. पाद्रीला बोलवायचं का नाही. चर्चची घंटा वाजवायची का नाही. आईशेजारी पुरायचं, का वर मेंढ्यांच्या टेकडीवर, का आणखी कुठं.

ऑरिननं लापशी गिळली. तेवढ्यालासुद्धा वेळ लागला. "मला कशाला विचारतेस?"

"मग कुणाला विचारू? मरणार तू आहेस."

"पुरणार तर तू आहेस. तुझं आत काय म्हणतंय ते ऐक."

"आत म्हणतंय, हा बाबा जाताजाताही मला छळणार."

तो हसला, आणि हसण्याचा खोकला झाला. तिनं भांडं धरलं, तोंड पुसलं, उशी सारखी केली. मग परत तेच.

"सांग की रे. एकदा सांग, मी तस्संच करते. टेकडीवर म्हणालास तर टेकडीवर. पाद्री नको म्हणालास तर दारातून परत पाठवते, मग गाव काहीही म्हणो. पण तुझ्या तोंडानं सांग."

"मी सांगितलं म्हणून करशील?"

"हो."

"मग नाही सांगत."

"अरे, का पण?"

"दुसऱ्यानं सांगितलं म्हणून केलं तर ते आपलं नसतं, केझी. किती वर्षं सांगतोय तुला."

"मग हेसुद्धा तूच सांगतोयस ना?"

ऑरिननं डोळे मिटले, पण ओठांवर हसू होतं. त्याला ते आवडलेलं दिसलं. तिला मात्र रडू आलं, आणि लापशी गार झाली.

आता ऑरिन व्हीलॉक काही पहिल्यापासून असा नव्हता. हार्लो गावात त्याच्या बापाचं लाकडी बादल्या नि पिंपं बनवायचं काम, तेच यानं उचललं. पट्ट्या तासायच्या, गोल जुळवायच्या, वरून कडी ठोकून बसवायची. मुकाट काम करायचा, रविवारी चर्चला जायचा, प्रवचनात डुलक्या काढायचा, चारचौघांसारखंच. लग्न केलं नाही. केझिया थोरली. तिचं एके ठिकाणी ठरलं होतं, पण तो माणूस देवमासे मारणाऱ्या गलबतावर गेला तो गेलाच. आईबाप गेल्यावर बहीणभाऊ दोघंच त्या घरात राहिले. ती रांधायची, तो बादल्या करायचा.

मग एका हिवाळ्यात ते व्याख्यान झालं.

हिवाळ्यात शेतं बंद, म्हणून गावच्या सभागृहात कुणी ना कुणी बोलायला यायचं. कधी उत्तरेकडच्या बर्फावर, कधी दात कसे राखावेत त्यावर. त्या दिवशी बॉस्टनकडचा एक उंच, किडकिडीत माणूस आला. शेगडीशेजारी उभा राहूनही कुडकुडत होता. तो जे बोलला त्यातलं निम्मं केझियाला कळलं नाही. देव काही चर्चच्या छपराखाली मावत नाही म्हणे. तो पानात आहे, चिखलात आहे, प्रत्येकाच्या आत आहे. माणूस चारचौघांत बसला, चारचौघांसारखा वागायला लागला, की आतला आवाज ऐकू येईनासा होतो. तेव्हा रानात जा, एकटे बसा, आत जे उमटेल त्यावर भरवसा ठेवा.

शेजारची लोइस बॅसेट केझियाच्या कानाला लागली, "याच्या आत जेवण गेलेलं दिसत नाही गं." दोघी तोंडावर रुमाल धरून हसल्या. पुढच्या रांगेत चर्चचा कारभारी डीकन स्प्रोट घोरत होता.

ऑरिन हसला नाही, झोपलाही नाही. घरी आल्यावर ताटातला घेवडा तसाच ठेवून चुलीकडे बघत बसला.

"काय झालं?" केझियानं विचारलं.

"मला वाटायचं हे फक्त मलाच वाटतं," एवढंच तो म्हणाला. काय वाटतं, ते नाही सांगितलं.

पहिला फटका बादल्यांना बसला. पाकासाठी मेपलच्या झाडांचा रस धरायला शेतकरी ढीगभर बादल्या घ्यायचे, आणि त्या सगळ्या एका मापाच्या लागायच्या, म्हणजे एकात एक बसवून गाडीत रचता येतात. ऑरिननं मापच सोडून दिलं. म्हणायचा, प्रत्येक लाकडाचं आपलं म्हणणं असतं, ते ऐकून बादली करायची. झालं. एक पसरट, एक उभट, एकीचं पोट सुटलेलं.

"ऑरिन, अरे या एकात एक बसत नाहीत," एक शेतकरी दारात येऊन ओरडला.

"का बसाव्यात?"

"का म्हणजे? गाडीत रचू कशा?"

"तुमची पोरं बसतात का एकात एक?"

शेतकरी केझियाकडे वळला. "बाई, याला झालंय काय?"

"मला नका विचारू. मी फक्त स्वयंपाक करते."

पण त्या बादल्यांतून थेंबसुद्धा गळायचा नाही. म्हणून लोक शिव्या घालत घालत घेऊन जायचे, आणि गाडीच्या दोन खेपा करायचे.

पुढं त्यानं रमची पिंपं करायची सोडली. दारू विकणारा सगळं गाव एका मापाचं करतो म्हणाला. घरातली काकवी बंद केली, कारण ती दक्षिणेकडून येते, गुलामांच्या पाठीवरच्या वळांची आहे ती. तिथं केझिया काही बोलली नाही, तिलाही ते पटलं होतं, लापशीवर मेपलचा पाक आला. मग त्यानं मांस सोडलं. तेही चाललं असतं, पण लोइसच्या घरून डुकराचं मांस परतल्याचा वास आला नि हा खिडकीत जाऊन उभा राहिला. केझिया म्हणाली, "आत काय म्हणतंय?" तो म्हणाला, "भूक लागलीय म्हणतंय." संध्याकाळी दोघं लोइसकडे जेवले.

झाडापुढं तो टोपी काढायचा. पाद्रीपुढं काढायचा नाही. केझियाला समजेना, की हा देव मानतो का नाही. एकदा विचारलं, तर म्हणाला, "मानतो म्हणजे काय, मला दुसरं काही दिसतच नाही." मग चर्चला का येत नाहीस, तर म्हणे, "तिथं फार लोक असतात मधे."

आणि मग बाकाचं झालं.

हार्लोच्या चर्चमध्ये प्रत्येक घराचं आपापलं बाक, पूर्वजांनी पैसे देऊन घेतलेलं. व्हीलॉकांचं डावीकडं, खिडकीखाली. ऑरिननं पाद्री फार्नमना फाटकात गाठून सांगितलं, की आजपासून मी तुमच्यातला नाही, तुमच्यावर राग नाही. आणि त्याच आठवड्यात शनिवारी करवत घेऊन चर्चमध्ये शिरला.

घंटा वाजवणारा नि खड्डे खणणारा जोथम प्रॅट झाडलोट करत होता. तो केरसुणी टाकून धावला. "अरे ऑरिन, देवाचं घर आहे हे!"

"घर देवाचं. बाक माझ्या आजोबांचं."

चर्चच्या मंडळींनी डोकी खाजवली, पण बाक विकत घेतलेलं होतं, बोलणार काय? ऑरिननं ते बैलगाडीवर घालून मेंढ्यांच्या टेकडीवर नेलं नि चेस्टनटच्या झाडाखाली मांडलं. दर रविवारी तिथं जाऊन बसायचा. लोक हसले. मेंढ्या शेजारी बसल्या. मग हळूहळू माणसंही यायला लागली, एकेकटी. कुणाचं बायकोशी वाजलेलं, कुणाचं पोर गेलेलं. ऑरिन सरकून जागा द्यायचा आणि बोलायचा नाही. निम्म्या गावानं त्याला वेडा म्हटलं, निम्मं गाव कधी ना कधी त्या बाकावर बसून आलं, आणि ही दोन्ही निम्मी एकच होती.

केझियानं मात्र त्या शनिवारी घर डोक्यावर घेतलं. "ते बाक निम्मं माझं होतं! विचारलंस मला?"

ऑरिनचा चेहरा उतरला. खरंच त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. एवढं प्रत्येक माणसाचं म्हणणं म्हणत फिरायचा, आणि घरात एक माणूस आहे हे राहून गेलं. "तूही चल ना टेकडीवर," तो म्हणाला.

"मला नाही बसायचं टेकडीवर. मला आई बसायची तिथं बसायचंय."

"मग तिथं बस."

दुसऱ्या दिवशी केझियानं स्वयंपाकघरातली खुर्ची डोक्यावर घेतली, चर्चमध्ये गेली नि बाकाच्या रिकाम्या चौकोनात मांडून बसली. डीकन स्प्रोट आला. "केझियाबाई, इथं खुर्ची आणायची पद्धत नाही."

"त्यानं बाक नेलंय डीकन, जागा नाही नेली."

पाद्रीसुद्धा हसू दाबत मंचावर चढले. तेव्हापासून ती त्या खुर्चीवर बसत आली. आणि गंमत अशी, की ऑरिनला हे कळलं तेव्हा त्यानं टाळ्याच वाजवल्या. "हेच! केझी, हेच तर तो बॉस्टनवाला म्हणत होता!" केझिया बघतच राहिली. भावाच्या विरुद्ध जायला म्हणून केलं, तर ते भावासारखं झालं. त्या दिवसापासून तिला आपण काय करतो नि का करतो याचा पत्ता लागेनासा झाला.

तर यंदा मार्चमध्ये तळ्यावरचं बर्फ फुटायला लागलं. ते फुटताना जो आवाज होतो, तो ऐकायला ऑरिन दरवर्षी जायचा. यंदा पाऊस-बर्फ एकत्र पडत होतं तरी गेला, काठावर उभा राहिला, आणि ओलागच्च होऊन परत आला तो आडवाच झाला. त्याच्या मागोमाग केझियालाही ताप आला. दोघं दोन खोल्यांत खोकत पडले, लोइस दोन्ही घरांचं बघत राहिली. केझिया उठली. तो उठला नाही.

त्या दिवशी दुपारी ऊन चांगलं पडलं होतं. खिडकीतून दारातला मेपल दिसत होता, त्याला अडकवलेल्या बादलीत रस टपटपत होता. ऑरिन बराच वेळ त्याकडे बघत पडलेला. मग म्हणाला, "केझी, बादली भरली असेल बघ. सांडेल."

केझिया बाहेर गेली. बादली निम्मीसुद्धा नव्हती. ती परत आली तेव्हा तो गेलेला होता.

आता हे तिला कळेना, की त्यानं तिला मुद्दाम बाहेर पाठवलं का? त्याला एकटं असायला आवडायचं, मरणंही एकट्यालाच हवं होतं का? का तापात बादली भरलेली दिसली? का खरंच त्याला रसाचीच काळजी? तो असा माणूस, की तिन्ही असू शकत होतं. तिनं त्याचे डोळे मिटले. मरण झालेल्या घराची रीत म्हणून आरशावर चादर टाकली, दाराच्या कडीला काळं फडकं बांधलं. मग पलंगाजवळ बसली, आणि तो म्हणाला होता म्हणून आतलं ऐकायला लागली.

डोळे मिटून बसली. किटली वाजत होती, पण ती बाहेरची. मग पोटात गुरगुरलं, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मग मनात आलं, याचा चांगला सदरा धुवायचा राहिलाय. आतला आवाज म्हणजे हाच का? देव असा सदऱ्याबद्दल बोलतो का? आईशेजारी ठेवावंसं वाटत होतं, पण ते तिला वाटत होतं, का गावाला वाटेल ते तिच्या आत शिरून बोलत होतं, हे कसं ओळखायचं? आणि तिला जे वाटतं ते केलं, तर तो जन्मभर ज्याला नको म्हणाला त्यातच त्याला नेऊन ठेवल्यासारखं. त्याचं केलं, तर त्यानं जे करू नको म्हणून बजावलं तेच केल्यासारखं. ती उठली, सदरा घेतला नि अंगणात धुवायला बसली. निदान सदरा लागणारच होता.

तेवढ्यात चर्चची घंटा वाजली.

हार्लोत पुरुष गेला की तीन-तीन टोले तीनदा पडतात, बाई गेली की दोन-दोन तीनदा. मग जरा थांबून वयाचे टोले. सगळं गाव हातातलं काम थांबवून मोजतं, नि कोण गेलं ते ओळखतं. दोन. दोन. दोन. बाई गं, केझियाला वाटलं, आजच आणखी कोण गेली? हात फेसात तसेच ठेवून ती वय मोजायला लागली. लोइसच्या वयावर थांबेल वाटलं, नाही थांबलं. पुढं गेलं, आणखी पुढं गेलं, आणि बरोबर केझियाच्या स्वतःच्या वयावर थांबलं.

माझ्या वयाची कोण बरं, तिनं आठवून पाहिलं. प्रुडन्स होती, ती केव्हाच मुलीकडं वूस्टरला गेली. दुसरी कुणी नव्हतीच.

मग तिच्या लक्षात आलं, आणि ती टोपल्यावरच बसली. क्षणभर तिला अगदी खरं वाटलं, की तापात गेलो ते आपणच, आणि ऑरिन आत लापशीची वाट बघतोय. उठून खिडकीतून डोकावून आली. नाही. तो तसाच होता.

थोड्या वेळानं चिखल तुडवत माणसं आली. पुढं पाद्री फार्नम, टोपी हातात. मागं चारपाच बायका. केझिया वाळत घातलेल्या चादरीआड होती, त्यांना दिसली नाही.

"गरीब बिचारी. त्या येड्यापायी जन्म खुर्चीवर काढला."

"आता ऑरिनचं कसं व्हायचं गं? चूल तरी पेटवता येते का त्याला?"

"घेवडा काय करायची! किती विचारलं, सांगितलं नाही कधी, काय घालायची ते."

"मोहरी," केझिया चादरीआडून बाहेर येत म्हणाली.

एकजण किंचाळली. एकजण चिखलात बसली. पाद्रींनी टोपी डोक्यावर घातली, परत काढली.

तेवढ्यात मागून लोइस धापा टाकत आली, तिच्या मागं जोथम. "अगं, मी ऑरिनबद्दल म्हणाले होते!" लोइस लांबूनच ओरडत होती. "मी दाराला फडकं बघितलं नि तशीच याच्याकडे गेले."

"तू ऑरिन म्हणालीसच नाहीस," जोथम म्हणाला. "तू म्हणालीस, व्हीलॉकांकडे मरण झालंय, घंटा वाजव."

"मग? तो मरणाला टेकलेला होता, गावाला ठाऊक!"

"टेकलेले दोघंही होते. आता घंटा चर्चची. ऑरिन तर चर्च सोडून गेलेला. मग तू त्याची घंटा माझ्याकडं मागायला कशाला येशील? राहिलं कोण?" जोथमनं सगळ्यांकडं बघितलं. "चुकलं कुठं माझं?"

खरं म्हणजे कुठंच चुकलं नव्हतं.

"हे दुरुस्त करायला हवं," पाद्री म्हणाले.

"कसं? वाजलेली घंटा काय उलटी वाजवू? ऑरिनची वाजवली तरच लोकांना कळेल. पण ऑरिनची चालते का, ते तुम्ही सांगा."

पाद्रींनी सावकाश नाक पुसलं. ऑरिनशी त्यांचं कधी पटलं नाही, पण बाकावर तेही बसून आलेले होते. "तो स्वतःहून आमच्यातून गेला, जोथम. मला समोर उभा राहून सांगून गेला. आता तो बोलू शकत नाही म्हणून आम्ही त्याच्यावर घंटा लादायची? हा त्याचा मान झाला का अपमान, मला खरंच समजत नाही." ते केझियाकडे वळले. "केझियाबाई, त्याची इच्छा काय होती?"

"त्याची इच्छा, मी माझी इच्छा ऐकावी."

"मग तुमची काय?"

"मला ठाऊक नाही. मी ऐकतच होते, तेवढ्यात मी मेले."

लोइसला हसू फुटलं, तिनं पदरासारखा एप्रन तोंडावर धरला आणि हसता हसता रडायला लागली.

"बाई, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा," जोथम कळवळून म्हणाला. "वरच्या वस्तीवरची माणसं तुमच्यासाठी बूट घालायला लागली असतील."

केझिया त्या ओल्या सदऱ्याकडे बघत होती. "मी जिवंत आहे नि माझी वाजली. तो आत मरून पडलाय नि त्याची नाही. असं कुठं असतं का? जा, वाजव."

तोंडून निघून गेलं. मग तिनं विचार केला, की हे आतून आलं का? का चारजण बघत होते म्हणून आलं? का नुसती लाज वाटली म्हणून? तोपर्यंत जोथम उताराला लागला होता. थोड्या वेळानं पडले, तीन, तीन, तीन. मग वय. केझिया सदरा पिळत उभी राहिली, आणि एकेका टोल्याबरोबर भाऊ एकेक वर्षानं मोठा होत गेला, पाळण्यातला, मग रांगणारा, मग बापाच्या हाताखाली पट्ट्या तासणारा. थांबला तेव्हा सदऱ्यात पाण्याचा थेंब उरला नव्हता.

घंटा वाजली, मग बाकीचं तिच्या मागं मागं गेलं. आईशेजारीच ठेवला. जमीन वरून चिखल नि आत अजून गोठून दगडासारखी, जोथमनं पहार चालवून चालवून खड्डा केला. केझियाचं कारण साधं होतं. एक दिवस तिलाही तिथंच जायचं होतं आणि तिथं एकटीनं पडायची तिची तयारी नव्हती. ऑरिन असता तर म्हणाला असता, तुझ्या आतून आलं ना, मग झालं. किंवा म्हणाला असता, आणि माझं काय गं? दोन्ही तिला त्याच्याच आवाजात ऐकू यायचं, एकाच वेळी.

पाद्रींना तिनं सांगितलं, "या, पण शेजारी म्हणून या. झगा घालू नका, बोलू नका." ते साध्या कोटात आले आणि गप्प उभे राहिले. पण त्यामुळं झालं असं, की शेवटची प्रार्थनाच नाही, तर हे संपलं कधी ते कुणाला कळेना. माती टाकून झाली. वारा सुटला होता. डीकन पाद्रींकडे बघतोय, पाद्री केझियाकडे, केझिया मातीकडे. सगळे तसेच गारठत उभे. कुणी म्हणेना चला. कितीतरी वेळानं लोइसच म्हणाली, "घेवडा गार होतोय गं," तेव्हा पाय हलले.

नंतर बरेच दिवस केझिया स्वतःशीच भांडत राहिली. भांडी घासताना, रस आटवताना. बरोबर केलं का चूक केलं. त्याला विचारता येत नव्हतं, आणि तो असता तरी सांगितलं नसतंच. लोइस म्हणायची, मेलेल्याला काय फरक पडतो. पाद्री म्हणायचे, वेळ जाऊ द्या. जोथम म्हणायचा, घंटा तरी माझी चुकली नव्हती. कुणाच्याच म्हणण्यानं पोट भरत नव्हतं.

रस्त्यावरचा चिखल जरा सुकला तेव्हा एके सकाळी दार वाजलं. वरच्या वस्तीवरचा एनॉस क्रोवेल, म्हातारा, एकटाच राहणारा, हातात अंड्यांची टोपली. हिवाळा संपेपर्यंत तो खाली उतरायचा नाही. केझियाला बघून त्याच्या हातातली टोपली कलंडली, तिनं ती वेळेवर धरली.

"तू?" एनॉस म्हणाला.

"मीच."

"अगं, मी तुझी घंटा मोजली. गोठ्यात शिरता शिरता मोजली."

"आणि नंतरची?"

"गाय व्यायला आली होती, नंतरचं कोण ऐकतंय." तो तिच्याकडे बघत राहिला. "मग गेलं कोण?"

"ऑरिन."

म्हातारा पायरीवर बसला. बराच वेळ काठीच्या टोकानं माती उकरत राहिला. केझियानं त्याला सगळं सांगितलं, फडकं, लोइस, जोथम, सदरा, आईशेजारची जागा. सांगून झाल्यावर विचारलंच, "एनॉसबाबा, तुम्ही त्याच्या बाकावर बसायचात. त्याला चाललं असतं का हो हे?"

"मला काय माहीत? तो बोलायचा का कधी? मी बसायचो, तो बसायचा." एनॉसनं नाक ओढलं. "मी तर त्याचं सांत्वन करायला निघालो होतो. वाटेत सगळं जुळवत आलो, काय बोलायचं ते. आता कुणाला सांगू?"

"काय जुळवलं होतं?"

"तुझ्याबद्दल होतं ते. की बाबा, तुझी बहीण कशी होती, तुला आता कळेल. असं बरंच काही."

"मग मला सांगा."

"तुलाच? तुझ्याबद्दल?"

"मग काय झालं? घरात आता मीच आहे."

एनॉसनं विचार केला. काठी दाराला टेकवून उभा राहिला, घातलेली टोपी काढून छातीशी धरली, घसा खाकरला, आणि ऑरिनला सांगायचं ठरवलेलं सगळं तिला पहिल्यापासून सांगायला लागला.